काट्यावरचे साठ

मलकापूरचे लालासाहेब सैन्यातून सुभेदार म्हणून निवृत्त झाले होते. सगळी नोकरी गाड्या चालवण्यात गेली, पण एकदाही अपघात नाही, याचा त्यांना भारी अभिमान. त्यामुळे सांगलीला लेकीकडे निघालेली त्यांची जीप हायवेवर पोलिसांनी अडवली आणि वेग जास्त होता म्हणून सांगितलं, तेव्हा त्यांचा पारा चढला.

"हितं ऐंशीची मर्यादा हाय. माझा काटा अठ्ठ्याहत्तरवर हुता!"

शेजारी बसलेल्या अंजनाबाईंनीही मान डोलावली. काटा त्यांनीही पाहिला होता.

रस्त्याच्या कडेला वेग मोजायचं यंत्र घेऊन एक तरुण फौजदार उभी होती. संयोगिता तिचं नाव.

"काका, यंत्र अठ्ठ्याऐंशी दाखवतंय."

"मग तुमचं यंत्र चुकलं."

हवालदार दंड करायला पुढे सरसावला. संयोगितानं त्याला हातानंच थांबवलं.

"चुकू शकतं की," ती म्हणाली. "काका, यातनं प्रकाशाचे किरण सुटतात, गाडीवर आपटतात आणि माघारी येतात. गाडी जवळ येईल तसा येण्याजाण्याचा वेळ कमी होत जातो. त्यावरनं वेग कळतो. तुमचा काटा रस्ता बघत नाही, तो चाकाचे फेरे मोजतो. दोघांतलं एक चुकतंय. कोण, ते बघूया?"

लालासाहेब गोंधळले. आतापर्यंत ते भांडायच्या तयारीत होते. "बघायचं कसं?"

तिनं पुढच्या किलोमीटरच्या दगडाकडे बोट दाखवलं.

ते पाहताच लालासाहेबांचा चेहरा पालटला. "आरं तिच्या! फौजेत ताफा चालवताना आमी बी आसंच बघायचो. काटा साठवर धरला तर मिन्टाला एक दगड."

हवालदारावर यंत्र सोपवून संयोगिता जीपमध्ये मागं बसली. घड्याळ तिनं मुद्दाम अंजनाबाईंकडे दिलं. "काकू, तुमचं माप म्हणजे काकांना शंका नको."

लालासाहेबांनी काटा साठवर आणला आणि तिथंच धरून ठेवला. पहिला दगड मागं पडताच अंजनाबाईंनी घड्याळ सुरू केलं. पुढचा दगड आला तेव्हा त्या दचकल्याच.

"आवं, मिनिट भरायचंय अजून! सात सेकंद बाकी हायेत."

"तू उशिरा सुरू केलं आसशील."

"न्हाई बरं का!"

त्यांनी पुढच्या दगडापर्यंत पुन्हा मोजलं. पुन्हा दगड आधी आला. लालासाहेबांनी हळूहळू जीप कडेला घेतली. संयोगिता खाली उतरली, वाकून चाकाकडे पाहू लागली.

"काका, हे टायर कंपनीचेच का?"

"न्हाई. पोरानं बसवलंत. आमचा वीरधवल बी फौजेत हाय. दिवाळीला सुट्टीवर आला, तवा सांगलीजवळ कुपवाडला नेऊन घातलं. उंच टायर, जीप रुबाबदार दिसती म्हनून."

"तिथंच घोळ झालाय. चाक मोठं झालं, एका फेऱ्यात जास्त अंतर जातं. काटा अजून जुन्याच चाकाचा हिशोब धरतोय."

लालासाहेब जीपला टेकून उभे राहिले. दिवाळीपासून ते याच गाडीतून नातीला फिरवत होते, दुसऱ्यांना सावकाश जा म्हणून सांगत होते. आपण स्वतःच जोरात चाललोय, हे त्यांच्या ध्यानातही आलं नव्हतं.

"बाईसाहेब, चूक माजी. दंड लावा."

"तो तर लागणारच," ती हसून म्हणाली. "पण टायर तेवढे बदलून घ्या."

"कुठली गं तू, पोरी?" अंजनाबाईंनी विचारलं.

"जतची."

लालासाहेबांनी तिला जागेवर परत आणून सोडलं. ती उतरल्यावर त्यांनी कडक सॅल्यूट ठोकला. तीही ताठ उभी राहिली आणि तिनं सॅल्यूट केला. हवालदार बघतच राहिला.

सांगलीच्या वाटेला लागल्यावर अंजनाबाई म्हणाल्या, "लय हुशार हाय पोरगी."

"हुशार हायच. पण मी यंत्राला खोटं म्हनलो, तर रागावली न्हाई. आधी तपासलं, मग बोलली. आसा अधिकारी मला सगळ्या नोकरीत दोन-तीनदाच भेटला."

चार दिवसांनी लालासाहेब कुपवाडला गेले आणि मूळ मापाचे टायर घालून आले. मग त्यांनी वीरधवलला फोन लावला.

"टायर काढलं रं तुझं," ते म्हणाले.

"का वो, आबा? खराब झाले?"

"खराब न्हाईत. ऐक, काय झालं ते सांगतो." आणि संयोगितापासून सुरुवात करून त्यांनी त्याला सगळं सांगितलं.