उंचावरचे दाजी

दाजी येण्याआधी त्यांचं अत्तर येई. आश्विनातल्या कोवळ्या उन्हात, दिंडोरीकडच्या द्राक्षबागांतून ओल्या मातीचा आणि फवारणीच्या औषधाचा मिसळलेला दर्प उठत असताना, त्या सगळ्यावर कुरघोडी करत तो उग्र, गोडसर सुगंध बांधावरून चालत यायचा, आणि त्याच्यामागून पांढऱ्या बुटांतले दाजी. झाडं छाटायला पांढरे बूट घालून येणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, आणि तो माझ्या थोरल्या बहिणीच्या नशिबी आला होता.

आमचा धंदा फांद्या उतरवण्याचा. गाडीवर हायड्रॉलिक पाळणा, पाळण्यात दोन माणसं आणि एक चेनसॉ, म्हणजे पेट्रोलवर चालणारी साखळीची करवत; आम्ही तिला नुसतं मशीन म्हणतो. नाशिकच्या रस्त्यांवरचे गुलमोहर, बंगल्यांवर झुकलेली निलगिरी, बागांच्या कडेने उभे असलेले उंच सिल्व्हर ओक, अशा सगळ्यांच्या माथ्यापर्यंत आमची ये-जा. सायखेड्याची शेती भावांच्या गळ्यात टाकून दाजी आमच्यात आले, तेव्हा आईने आम्हांला बजावलं होतं, "जावई हाय आपला. त्याला कोणी उणं बोलायचं नाय." हे एक वाक्य दाजींनी शालीसारखं अंगावर घेतलं आणि पुढे कधी उतरवलंच नाही. चहा आधी त्यांना, सावली आधी त्यांना, आणि वर गेल्यावर मशीन चालू करण्याचा मानही त्यांनाच.

वास्तविक त्यात मान कसला? मशीन खाली जमिनीवर चालू करून, तापवून, बंद करून वर न्यायची. वर पोचलं की कमरेचा पट्टा पाळण्याला अडकलेला आहे ना हे पाहायचं, चेनचा ब्रेक पुढे ढकलायचा, मशीन कठड्यावर घट्ट दाबून तिचं पातं बाहेरच्या बाजूला, माणसांपासून दूर ठेवायचं, आणि मग मोकळ्या हाताने दोरी ओढायची. या कृतीत एक शांत, जवळजवळ गृहकृत्यासारखी निगुती आहे. टाळ्या मात्र नाहीत, म्हणून दाजींना ती कधी रुचली नाही.

पाळणा शेंड्याजवळ थांबला की दाजी आधी खाली पाहत. बागेतल्या मजूर बायका माना वर करून आपल्याकडेच बघताहेत याची खात्री पटली, की गॉगल सारखा करत, एका हाताने मशीन अधांतरी धरत आणि दुसऱ्या हाताने दोरी खेचता खेचता ती, मूठ न सोडता, खाली झोकत. ब्रेक मोकळा, पातं झुलतं, आणि त्या वीतभर जागेत त्यांच्या कुशीला मी उभा. मशीन गुरगुरून जागी झाली की त्यांच्या मुद्रेवर जे कृतार्थ तेज पसरे, ते पाहून मला किळस यायची. स्वतःचा जीव धोक्यात घालून मिरवणारे पुष्कळ असतात. दुसऱ्याचा जीव धोक्यात घालून मिरवायला दाजीच हवेत.

"दाजी, कठड्यावर टेकवा की जरा," मी म्हणे.

"काय मेव्हणे, लय भ्याले का?" ते हसत. हसताना त्यांचे खांदे गदगदत आणि सगळा पाळणा हलत राही.

त्या दिवशी ताई डबा घेऊन बांधावर आली होती. दुपार कलती होती, ओकच्या चंदेरी पानांतून ऊन गळत होतं. दाजींनी नेहमीच्या डौलात मशीन झोकली, ती चालू झाली, हिसका बसून पातं वळलं, आणि माझ्या डाव्या बाहीचं कापड मनगटापासून कोपरापर्यंत टरकन उकललं. कातडीला ओरखडाही नाही. मशीन धडपडून बंद पडली. दाजी म्हणाले, "नवा शर्ट घेऊन देऊ तुम्हांला." आणि पुन्हा झोकण्यासाठी त्यांनी ती उचलली.

इतक्यात पाळणा खाली जाऊ लागला. आमच्यापैकी कोणी काही दाबलं नव्हतं. मी वाकून पाहिलं, तर गाडीवरच्या खालच्या लिव्हरपाशी ताई उभी होती, पदर कमरेला खोचलेला, आणि ड्रायव्हर निमूट बाजूला झालेला. पाळणा टेकला तशी ती पुढे आली.

"अहो, मशीन द्या इकडं."

"लोकं बघून राहिले," दाजी दातांतल्या दातांत म्हणाले.

"बघू द्या. माझा भाऊ हाय तो, फांदी नाय."

तिने दोन्ही हातांनी मशीन काढून घेतली. या एका कृतीने आपलं माहेर पणाला लागलं आहे, हे तिला त्या क्षणीच ठाऊक होतं. तिच्या ओठांच्या घट्ट मिटण्यात मला ते दिसलं. दाजींनी गॉगल काढला. मी त्यांचे डोळे शोधत राहिलो, निदान लाज तरी सापडेल म्हणून. पण ते बागेकडे वळले होते आणि किती बायकांनी पाहिलं, याचा अंदाज घेत होते. मग मोटारसायकलवर मागे ताईला बसवून ते सायखेड्याला निघून गेले.

जावयाचा अपमान झाला होता. दाजींनी आदळआपट केली नाही, फक्त ताईचं माहेर बंद केलं. आईने मनधरणीचा टोपी-टॉवेल पाठवून पाहिला. तो त्यांनी ठेवून घेतला. बायकोला पाठवलं नाही. इतक्या हलक्या माणसाला इतकी वर्षं आम्ही उंच पाटावर बसवलं, याची मला आजही चीड येते.

भाऊबीजेला मीच गेलो. दाजी ओट्यावर पाय पसरून बसले होते.

"ती घरी नाय," ते म्हणाले.

आत बांगड्या वाजल्या आणि एकदम थांबल्या, जणू कोणी दुसऱ्या हाताने त्या धरून ठेवल्या असाव्यात. मी परत फिरलो. त्यालाही आता काही दिवाळ्या उलटल्या. काळ पुष्कळ गोष्टींची धार घालवतो म्हणतात; माझ्या तिरस्काराची त्याने घालवलेली नाही, आणि ती घालवावी असं मला वाटतही नाही. दर कार्तिकात मी त्या ओट्यासमोर जाऊन उभा राहतो. माझे दोन्ही हात शाबूत आहेत. ज्या बहिणीने ते राखले, तिच्यापर्यंत मात्र ते पोचत नाहीत.