पुड्यांचा बैल

रिसोडच्या बाजारपेठेत जवरीलालशेठांशी वाद घालून कोणी जिंकल्याचे कोणाच्याही स्मरणात नव्हते. गिऱ्हाईक हरत, एस.टी.चे वाहक हरत, आणि एकदा तर प्रवचनासाठी आलेले पंडितजी शंकानिरसन अर्धवट टाकून दुपारच्या गाडीनेच परत गेले होते. अशा माणसाच्या घरात त्यांची सहा वर्षांची नात जिनल राहत होती, आणि तिला एक बैल करायचा होता.

कारण असे की, शेजारच्या अंगणवाडीच्या सरिताबाईंनी यंदा तान्ह्या पोळ्यासाठी नवा नेम केला. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मुले लाकडी बैल ओढत मिरवतात. पण यंदा विकतचा बैल चालणार नव्हता. पोळ्याच्या सुट्टीत ज्याने त्याने स्वतःच्या हाताने बैल करायचा, आणि रांगेत उभे राहून ‘हा मी केला’ असे सांगायचे. जिनलला बक्षिसाचे अप्रूप नव्हते. तिला ते तीन शब्दच चारचौघांत उच्चारायचे होते, आणि आठवडाभर ती त्यांचा सराव करत होती.

पोळ्याच्या दुपारी सरिताबाई जवरीलालांच्या किराणा दुकानाच्या ओट्यावर चिकणमातीचा गोळा घेऊन आल्या.

“उचला तो गोळा,” जवरीलाल म्हणाले. “आमचं पर्युषण सुरू हाय. माती खोदली म्हंजे मातीतले जीव गेले.”

“खोदली म्या, शेठजी. पाप मले लागन.”

“खोदणाऱ्याले लागते, तसं वापरणाऱ्यालेबी लागते.”

आतून त्यांच्या पत्नी गुलाबबाई म्हणाल्या, “मी कणीक भिजवून देते पोरीले.”

“रातभर भिजली कणीक म्हंजे जिवाचं घर. आन बैल झाल्यावर तो मोडन कोन? आकार देला का तो बैल झाला. मोडला का हत्या झाली.”

“भेंडीचा करू?” जिनलने विचारले.

“हे आठ दिवस हिरवं बंद हाय, बेटा.”

“मंग हवेचा कर, माय,” सरिताबाई म्हणाल्या.

“हवेतबी जीव असते,” जवरीलाल अत्यंत गंभीरपणे म्हणाले.

जिनलचा खालचा ओठ थरथरू लागला. सर्व पक्षांचे खंडन करून झाल्यावर आपल्या हाती काहीच उरले नाही, हे जवरीलालांच्या ध्यानात प्रथमच आले. त्यांची नजर फडताळातील जुन्या वर्तमानपत्रांवर गेली, आणि तेथून छताला टांगलेल्या दोऱ्याच्या रिळावर. पिशव्या येण्यापूर्वी पुडा बांधण्यात त्यांचा हात धरणारा पेठेत दुसरा नव्हता. कागदाचा शंकू, त्यात माल, वरची घडी, दोऱ्याचे दोन वेढे आणि बोटाच्या एका हिसक्यात दोरा तुटलेला. हे सारे गिऱ्हाइकाचे ‘साखर द्या’ पूर्ण होण्याच्या आत.

“कागद निर्जीव,” ते पुटपुटले. “आन आत तुरीची दाळ. दोन फाकी झाल्या, आता ते उगवत नाही. चालते!”

मोठ्या पुड्याचे धड झाले. चार पुड्यांचे चार पाय झाले. टोकदार पुड्यांची शिंगे झाली.

“दादाजी, मी बांधू?”

“आधी पाहून घे.”

वशिंड झाले. शेपटीचा दोरा वळला गेला.

“दादाजी, आता मी?”

“घडी बिघडन. पाहा फक्त.”

सायंकाळी तो बैल असा काही उभा राहिला की समोरच्या कापडवाल्यांनीही येऊन त्याला हात लावून पाहिला. गुलाबबाई मात्र एवढेच म्हणाल्या, “पोरगी नुसती पाहूनच राह्यली ना जी.” परंतु जवरीलाल त्या वेळी कापडवाल्यांना डाव्या शिंगाची घडी समजावून सांगत होते. जिनल उरलेले कागद, मूठभर डाळ आणि दोऱ्याचा तुकडा घेऊन गल्ल्याच्या मेजाखाली गेली.

दुसऱ्या दिवशी अंगणवाडीपुढे आंब्याच्या पानांच्या तोरणाखाली मुलांची रांग लागली. सरिताबाई एकेकाला विचारत होत्या. पुड्यांचा बैल पाहून त्या थबकल्या.

“जिनल, हा कोनं केला?”

पर्युषणात खोटे बोलायचे नाही, हे जिनलला आजोबांनीच शिकवले होते.

“दादाजीनं.”

जवरीलाल तत्काळ पुढे सरसावले. “कागद घरचा, दोरा घरचा, पोरगी घरची!”

“आन हात, शेठजी?”

“हातबी घरचाच! आन तुमचा नेमच कच्चा हाय, बाई. त्यात करणाऱ्याचं वय कुठी लिहेल हाय?”

“नाही लिहेल,” सरिताबाई शांतपणे म्हणाल्या. “म्हंजे तुमीबी चालता. व्हा मांगं, रांगेत.”

आपल्याच युक्तिवादाने बांधले गेलेले जवरीलाल, धोतर सावरीत, चार वर्षांच्या एका मुलामागे बैलाच्या गळ्यातला दोरा धरून उभे राहिले. पेठेतली निम्मी माणसे पाहत होती.

मग जिनलने फ्रॉकच्या खिशातून काहीतरी काढून जमिनीवर ठेवले. एक बसका पुडा होता. त्याला तीन पाय आणि एक शिंग होते, आणि एका फटीतून डाळ गळत होती.

“हा मी केला,” ती म्हणाली.

जवरीलालांना राहवले नाही. “अवं, हा उभा नाही राहत.”

“बसेल हाय. काल पोळ्यात दमला तो.”

“आन चवथा पाय?”

“बसल्यावर खाली दबते, दादाजी.”

जवरीलालांनी वाकून तो बसका पुडा चारी बाजूंनी निरखला. पेठ श्वास रोखून वाट पाहत राहिली. परंतु बसलेल्या बैलाचा पाय खालीच दबतो, या सिद्धांतावर त्यांना आक्षेप सापडेना.

“तुले करू देलं नाही म्या,” शेवटी ते हळूच म्हणाले. “संवत्सरीले सगळ्यांची क्षमा मागतो आपण. तवा तुयी आधी मागीन.”

“आज मागा.”

“तिथी चार दिवसांनी हाय, बेटा. शास्त्रात—”

“दादाजी!”

जवरीलालांनी तिच्यापुढे दोन्ही हात जोडले. बैलाचा दोरा हातातच होता. तो ताणला गेला, आणि पुड्यांचा तो देखणा बैलही मागच्या दोन पायांवर उठून जिनलपुढे उभा राहिला.