एका वस्तादाचे दोन पठ्ठे

शिवलीलाबाई रिक्षातून उतरल्या आणि वर पाहून जागीच थांबल्या. तालमीच्या दारावर गल्लीच्या रुंदीचा फ्लेक्स लावला होता. एका बाजूला हार्लन प्रुइट, दुसऱ्या बाजूला एडविन टास्कर, दोघांच्या मागं लालभडक ज्वाळा आणि मधोमध कडाडणारी वीज. खाली मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, 'अमेरिकेचा महाकवी कोण? आज निकाल!' कोपऱ्यात अंगठ्याएवढ्या फोटोत खुद्द शिवलीलाबाई होत्या. फोटोखाली एकच शब्द, 'पंच'.

"विश्वजित!"

विश्वजित म्हणजे तालीम मंडळाचा अध्यक्ष आणि त्यांचा जुना विद्यार्थी. तो जिन्यावरून धावतच आला. "कसा झालाय, मॅडम? दोन दिवस त्या डिझायनरच्या डोक्यावर बसून करून घेतलाय."

"मी तुला भाषणाचा विषय काय दिला होता?"

"दोन कवी."

"दोन कवी आणि दोघांची एकच गुरू. ती गुरू कुठं आहे?"

"तिचा फोटोच घावला न्हाय की! आणि मुकाबल्यात तिसरं माणूस कुठं बसवायचं? तुमी या तर वर. हॉल फुल्ल हाय."

रागानं बाईंचं डोकं भणभणलं. कॉलेजात चौतीस वर्षं हाच प्रश्न त्यांच्या मानगुटीवर बसला होता. 'प्रुइट व टास्कर यांची तुलना करून श्रेष्ठ कोण ते लिहा.' गाइडमध्ये उत्तर तयार असायचं. प्रुइट श्रेष्ठ, कारण तो युद्धाविरुद्ध गरजला, टास्करही बरा. दर मार्चमध्ये पेपरांच्या गठ्ठ्यातून तोच परिच्छेद निरनिराळ्या अक्षरांत त्यांच्यापुढं यायचा. प्रश्न बदला म्हणून त्या परीक्षा मंडळाच्या किती बैठकांत भांडल्या. "पोरांना सोपं पाहिजे, बाई," एवढं बोलून मंडळी चहाकडं वळायची.

खरी गोष्ट वेगळी होती. दोघंही एकाच कोळशाच्या खाणीच्या गावचे. दुसऱ्या महायुद्धातून परत आल्यावर दोघंही एकाच बाईच्या संध्याकाळच्या वर्गात बसले. एडा लोडर तिचं नाव. रविवारी चर्चमध्ये ती पोरांकडून स्तोत्रं म्हणून घ्यायची आणि इतर दिवशी खाणकामगारांना कविता शिकवायची. तिचं एकुलतं एक पुस्तक बाईंना नोकरीच्या पहिल्याच वर्षी कॉलेजच्या लायब्ररीत सापडलं होतं. छापखान्यातून जोडलेली आलेली त्याची पानंसुद्धा कुणी सुटी केलेली नव्हती. बाईंनी ती पट्टीनं कापली होती. तेव्हापासून ती बाई त्यांच्या मनात घर करून राहिली. आता वय शहात्तर, दोन्ही गुडघे गेलेले. भाषणाला बोलावणारं दुसरं कुणी उरलं नव्हतं. आज एडा लोडरबद्दल बोलायचं राहिलं, तर ते कायमचंच राहणार होतं.

जिना चढून हॉलमध्ये पाहतात तर डावीकडच्या खुर्च्या प्रुइटच्या आणि उजवीकडच्या टास्करच्या. विश्वजितनं गल्लीतल्या फुटबॉलच्या पोरांना दोन्हीकडं वाटून बसवलं होतं. महिला मंडळ भिंतीकडेला होतं. बाई माइकशी पोचल्या नाहीत तोच आरोळी उठली.

"प्रुइटचा इजय असो!"

"अय, आमचा टास्कर शांत हाय, पण डाव टाकला की चितपट!"

"शांत कसला, झोपलाय त्यो!"

"मला आधी बोलू द्या," बाई म्हणाल्या. "हे दोघं कवी..."

"निकाल सांगा, मॅडम! सहाला मॅच हाय आमची!"

त्यांनी तीनदा सुरुवात केली आणि तीनही वेळा ती शिट्ट्यांत बुडाली. विश्वजित कानाशी कुजबुजला, "एक नाव घ्या की. म्हणजे शांत हुत्याल. मग तुमचं काय असंल ते बोला." बाईंनी हातातले कागद टेबलावर आपटले. शब्द आपोआप माहेरच्या बोलीत आले.

"तालमीत बसलाय न्हवं? मग सांगा, एका वस्तादाच्या दोन पठ्ठ्यांची जोड कधी लावलीया का?"

शिट्ट्या थांबल्या.

"माझा भाऊ शिवशरण ह्याच मातीत घुमायचा. एकदा जत्रेच्या मैदानात पंचांनी त्याची जोड चुकून आपल्याच तालमीतल्या पोराशी लावली. दोघं आखाड्यात आले. माती कपाळाला लावली, काठावर येऊन वस्तादांच्या पाया पडले आणि हात न मिळवता बाहेर निघून गेले. लोकांनी खडे मारले, तरी मागं वळून बघितलं न्हाय. प्रुइट आणि टास्कर एका वस्तादाचे हायत. एडा लोडर तिचं नाव. मी त्यांची कुस्ती लावणार न्हाय."

दोन्ही बाजूंनी टाळ्या कडाडल्या. बाईंना वाटलं, आता ऐकतील. त्यांनी पहिला कागद उचलला.

"बराबर हाय!" विश्वजितनं माइक घेतला. "एका तालमीचं असत्याल तर जोड रद्द! आजचा मान वस्तादबाईचा. त्यांच्या वतीनं मॅडम फेटा स्वीकारत्याल."

बाई नको नको म्हणेपर्यंत भगवा फेटा डोक्यावर चढलासुद्धा. फोटो निघाले. खुर्च्या सरकल्या आणि पोरं मॅचच्या गप्पा मारत जिना उतरू लागली.

"अरे, भाषण राहिलंय माझं!"

"समदं कळलं की, मॅडम. एका वाक्यात मिटलं. असं वर्गात शिकवलं असतं, तर मी पास झालो असतो!"

चौतीस वर्षं जे कुणाच्या गळी उतरलं नाही ते आज उतरलं होतं. पण ते कवितेची एकही ओळ न ऐकता! बाईंना रडू की ओरडू असं झालं. त्यांनी माइक ओढून घेतला आणि निम्म्या रिकाम्या हॉलला, दम दिल्यासारखी, एडा लोडरची कविता म्हणून दाखवली.

"धुतलेली चादर दोरीवर टाकली.
दुपारपर्यंत कोळशानं काळी झाली.
मी ती परत धुतली."

"झाली?" विश्वजितनं विचारलं.

"झाली. प्रुइट जन्मभर 'काळी झाली' म्हणून ओरडत राहिला. टास्कर जन्मभर 'परत धुतली' म्हणून पुटपुटत राहिला. एवढंच सांगायचं होतं मला."

विश्वजितनं मान डोलावली आणि पंखे बंद करायला गेला. भिंतीकडेला महिला मंडळातल्या झुंबरबाई मात्र पिशवी मांडीवर घेऊन बसूनच होत्या.

"मग वाळली का?"

"काय?"

"चादर वो. दुसऱ्यांदा धुतली न्हवं? ती तरी वाळली का परत काळी झाली?"

"ते कवितेत नाही."

"असं कसं न्हाय? ती बाई सांगायची ऱ्हाईल व्हय? तिच्या ह्या दोन पठ्ठ्यांनी त्यांच्या कवितेत काढलं असंल की."

बाई आठवू लागल्या. टास्करच्या एका कवितेत ओल्या कपड्याचा वास येत होता. ती कुठली? प्रुइटनंही दोरीबद्दल काहीतरी लिहिलं होतं. इतकी वर्षं हे आपण कधी पडताळून पाहिलं नाही याचा त्यांना भयंकर संताप आला.

"विश्वजित, पंखा चालू ठेव," त्या ओरडल्या, आणि खुर्ची ओढून झुंबरबाईंच्या समोर बसल्या. कागद चाळत म्हणाल्या, "थांबा. घाई करू नका. बघू."