ग्लाफिराच्या नावाचा ग्रह

क्रायमियाच्या डोंगरावरच्या त्या वेधशाळेत लघुग्रह शोधायचं काम बायकाच करत. आकाशाच्या एकाच तुकड्याच्या, वेगवेगळ्या वेळी फोटोच्या काचांवर टिपलेल्या दोन छबी यंत्राखाली आळीपाळीने बघायच्या. तारे जागचे हलत नाहीत. जो ठिपका उडी मारतो, तो ग्रह. आंतोनिनाने असा एक ठिपका पकडला होता. मग त्याची वाट नक्की करण्यात सात वर्षं गेली, तेव्हा कुठे १९७८ साली त्याला पक्का क्रमांक मिळाला. क्रमांक मिळाला की पुढची दहा वर्षं नाव सुचवायचा हक्क शोधणाऱ्याचा. नाव कोणाचं आणि का, तेही त्यानेच थोडक्यात लिहून द्यायचं.

आंतोनिनाने लिहिलं, 'ग्लाफिरा. या वेधशाळेच्या अंधाऱ्या खोलीत सव्वीस वर्षं काचा धुणाऱ्या ग्लाफिरा इव्हानोव्हना यांच्या सन्मानार्थ.'

संचालक वेनियामिन लुकिच यांनी त्यावर लाल पेन्सिलीने फुली मारली.

"अहो आंतोनिना आर्काद्येवना, धुणीभांडीवाल्या बाईचं नाव आकाशात?"

"धुणीभांडी नाही, काचा! हिवाळ्यात शेगडी बंद पडली की रसायनाची बाटली कोटाच्या आत पोटाशी धरून ऊब देते ती. एक तरी काच तिच्या हातून बिघडलेली दाखवा."

"ते असू दे. तिचा नोकरीचा फॉर्म वाचलात? बेचाळीस ते पंचेचाळीस, जर्मनीत वास्तव्य."

आंतोनिनाच्या तळपायाची आग मस्तकात गेली. वास्तव्य! जशी काही बाई हवापालटाला गेली होती! सोळा वर्षांची पोर बाजारात दूध विकत उभी होती. जर्मन शिपायांनी तिला उचललं, गुरांच्या डब्यात कोंबलं आणि कारखान्यात नेऊन राबवलं. सुटून आली तर शत्रूकडे राहून आलेली म्हणून स्वतःच्याच देशाने तोंड फिरवलं. तेहेतीस वर्षं झाली तरी फॉर्मवरचा तो एक रकाना तिची पाठ सोडत नव्हता. आणि त्यावर बोट ठेवणारा कोण, तर जन्मात एक काच न धुतलेला हा गृहस्थ!

"त्यापेक्षा 'इन्ना' ठेवा," संचालक मधाळ आवाजात म्हणाले. "पक्षाच्या जिल्हा समितीच्या चिटणीसांची कन्या. गुणी मुलगी आहे."

"तिने काय पाहिलंय आकाशात?"

"आकाशाचं सोडा. आपल्या रस्त्याचं डांबर तिच्या वडिलांनी पाहिलंय."

"मग राहू दे त्या ग्रहाला नुसता आकडा! माझी सही मिळायची नाही."

दार आपटून ती खाली अंधाऱ्या खोलीत आली. ग्लाफिरा नुकतीच काचा वाळत लावून चहात चेरीचा मुरंबा ढवळत बसली होती. आंतोनिनाने सगळं सांगितलं, जरा फुशारकीनेच.

"आकडा ठेवलास?" ग्लाफिराचा चमचा थांबला.

"हो मग, ग्लाशामावशी! त्या पोरीच्या नावापेक्षा बरा."

"नाही गं तोन्या. कारखान्यात तीन वर्षं मला आकड्यानेच हाक मारत. शेजारच्या फळीवर झोपणारी लेस्या मेली, तेव्हा हजेरीतून तिचा आकडा खोडला, संपलं. तिचं आडनावसुद्धा मला माहीत नाही. चिटणिसाच्या पोरीचं नाव लाव, मांजराचं लाव. पण आकडा नको ठेवूस."

आंतोनिनाला स्वतःचीच लाज वाटली. संचालकाची जिरवायच्या नादात तिनेही मावशीचं नाव खोडूनच टाकलं होतं. तिने कोरा कागद ओढला आणि पुन्हा लिहिलं, 'ग्लाफिरा.' खाली या वेळी सगळंच लिहिलं. काचा, सव्वीस वर्षं, बाजार, गुरांचा डबा.

"हे जर्मनीचं कशाला?" ग्लाफिरा घाबरली. "तो वरचा तुझी नोकरी खाईल."

"खाऊ दे. हक्क माझा आहे, त्याचा नाही. उद्याच्या गाडीने मी स्वतः लेनिनग्राडला जाऊन, नावं पुढे पाठवणाऱ्या संस्थेत कागद देते. तुझ्याबद्दल एकदा तरी खरं लिहिलं जाऊ दे."

ग्लाफिराने कागद ओठ हलवत दोनदा वाचला. हात एप्रनला पुसले.

"मग लेस्याही घाल त्यात."

"आडनाव?"

"सांगितलं ना, माहीत नाही."

आंतोनिनाने तसंच लिहिलं, आणि खाली सही ठोकली.