कापसाच्या खोलीतला दिवा

मी दिवा बोलतोय, बाबांनो. वात नाही, तेल नाही, वायरसुद्धा नाही, तरी दिवाच. कंप्युटरवर खेळ तयार करतात ना, त्यातल्या एका घरात उजेड पाडायचं काम माझं. गोष्ट लहानशीच आहे, सावकाश सांगतो.

लोहाऱ्याच्या एमआयडीसीत एका पत्र्याच्या शेडमध्ये माझा जन्म झाला. जयाने बटण दाबलं आणि मी झालो. आम्ही दिवे जन्मतो ते त्या जगाच्या अगदी मधोमध, जमिनीत अर्धे रुतलेले. कोणी उचलून नेईपर्यंत तिथंच राहायचं. जयाने मला उचललं, जरासं पिवळं केलं, कंदिलात बसवलं आणि विचारात पडली.

जया राळेगावकडच्या तांड्यावरची. तिने ते घर स्वतःच्या घरासारखं रचलं होतं. पुढे ओसरी, मग मधली खोली, मागे दार. मधल्या खोलीत आढ्यापर्यंत कापूस. तिच्या लहानपणी कापसाला भाव नसे, मग लोक तो घरातच भरून ठेवत आणि वाट बघत. पोरं त्याच्यावरच झोपत आणि सकाळी अंग खाजवत उठत.

खेळ असा, की एक मुलगी दिवेलागणीला त्या घरात शिरते आणि तिने मागचं दार शोधायचं. पुण्याची कंपनी त्या दिवशी हे घर बघणार होती. पसंत पडलं तर जयाची नोकरी कायम, नाही तर महिनाअखेर गाशा गुंडाळायचा.

तिने मला ओसरीवर खुंटीला टांगलं. शेडचा प्रमुख सलील मागे येऊन उभा राहिला.

"जया, दिवा बाहेर काहून? आत काहीच दिसत नाही. मागचं दार सापडणार कसं?"

"सर, आत ठेवला तर..."

"तर काय?"

"काही नाही."

तिने मला आत आणलं आणि कापसाच्या ढिगावर ठेवलं. खरं सांगतो, मी देखणा दिसलो. कापूस सोन्यासारखा झाला, मागचं दार लख्ख. सलील "वा!" म्हणाला. मलाही बरं वाटलं. पण जया माझ्याकडे बघेना. खुर्ची मागे सरकवून नखं खात बसली.

जेवणाच्या वेळी तिचे वडील खेमसिंग आले. लेक दिवसभर करते तरी काय, हे त्यांना एकदा बघायचं होतं. हातात डबा होता, खांद्यावर दुपट्टा. पडद्याकडे नजर गेली आणि डबा टेबलावर आदळला.

"जये! कापसात कंदील? उचल आधी!" असं ओरडत त्यांनी दुपट्टा काढून पडद्यावरच टाकला.

सगळी शेड हसली. सलील म्हणाला, "काका, हा कापूस पेटत नाही. खोटा आहे."

खेमसिंग ओशाळले. "समजते जी मले. पण पोरीनं आमचंच घर बांधलं नं. कडीबी तीच. बोंडं घरात आली का आम्ही बिडीबी बाहेर वट्ट्यावर ओढतो. मंग ते पाहून बसवत नाही माह्याच्यानं."

"बा, मलेबी नाही बसवत," जया म्हणाली. "सकाळपासून."

मग ती सलीलकडे वळली. "सर, मी दिवा बाहेर घेते. दार नाही दिसलं तं मी जबाबदार."

"अगं, त्यांना नाही आवडलं तर तुझीच नोकरी जाईल."

"माहीत आहे."

आमच्या जगात उजेडाला लगाम असतो. कंप्युटर दमू नये म्हणून माझा उजेड जिथं पडेल तिथंच संपे. खऱ्या घरात तो एका वस्तूवरून दुसरीवर उड्या मारत जातो. जयाने लगाम सोडला. ओसरीवरून माझी एक पट्टी दारातून आत गेली, पांढऱ्या कापसावर पडली आणि तिथून उठून आढ्याला, भिंतींना लागली. आधी सगळं वाळू फेकल्यासारखं ठिपक्याठिपक्यांचं दिसत होतं, मग हळूहळू निवळलं. मागचं दार अंधारातून वर आलं. लख्ख नाही, पण कडी दिसत होती.

खेमसिंगांनी दुपट्टा खांद्यावर घेतला. "हां. असं दिसते," म्हणाले आणि डबा उघडायला बसले.

पुण्याच्या कंपनीतल्या बाई तिकडून खेळू लागल्या. त्यांनी चालवलेली खेळातली मुलगी खोलीत शिरली, एका बाजूला गेली, परत फिरली. दार चुकलं. जयाने टेबलाची कड घट्ट धरली. मग मुलगी कापसापाशी थांबली, बराच वेळ तशीच उभी राहिली, आणि शेवटी दाराकडे गेली.

"दार उशिरा सापडलं," बाई फोनवर म्हणाल्या. "पण सापडेपर्यंत या खोलीतून निघावंसं वाटलं नाही. हात लावू नका, असंच राहू द्या."

सलील म्हणाला, "जया, सोमवारपासून पुढचं घर घे."

जया डब्यापाशी येऊन बसली. वडिलांच्या हातातला घास तिने आपल्या तोंडात घातला.

आता माझं ऐका. घर पसंत पडलं की दिव्याचा उजेड भिंतींवर रंगासारखा पक्का बसवून टाकतात, म्हणजे तो पुन्हा पुन्हा मोजावा लागत नाही. मग दिव्याची गरज उरत नाही. जयाने तसं केलं आणि मला मालवलं. घर होतं तसंच उजळलेलं राहिलं. वाईट वाटलं का? थोडं वाटलं. पण तिचं काम झालं होतं, आणि माझंही.

मी आता एका जुन्या फाइलीत मिटून पडलो आहे. तुम्ही कधी त्या घरात आलात तर मला हाक मारू नका, मी ओ देणार नाही. नुसते या आणि घटकाभर टेका. उजेड आहे.