बटण पलंगाशी, घंटी स्वयंपाकघरात

साथ आपल्या भागात पोचायला आठवडा लागेल, असं आरोग्यसेविका सांगून गेली आणि जाताना हातात एक कागद ठेवून गेली. एक खोली वेगळी काढा. साबण, थर्मामीटर, पंधरा दिवसांचं धान्य आणून ठेवा. इथवर ठीक होतं. तळाशी मात्र एक रकाना होता: आजारी पडल्यास काळजी घेणाऱ्या व्यक्तीचं नाव.

“तो रिकामा ठेवू नका, काका,” ती म्हणाली. “एकटी माणसं आजारी पडली की त्यांना शाळेच्या हॉलमध्ये हलवणार आहेत. शंभर खाटा टाकल्यात. शुक्रवारी कागद न्यायला येते.”

“माझं मी बघेन.”

“तेवढंच लिहिता येत नाही ना त्यात.”

मला त्या हॉलमध्ये जायचं नव्हतं. सहा वर्षांपूर्वी माझी बायको अशाच एका मोठ्या खोलीत गेली, अनोळखी माणसांच्या खोकल्यात, आणि मी बाहेर बाकावर बसून होतो. आम्हाला मूलबाळ नाही. तेव्हापासून एक ठरवलंय, पडायचं तर आपल्याच घरात, मीच बसवलेल्या पंख्याखाली.

मी वायरमन. चाळीस वर्षं दवाखान्यांमधून घंट्या बसवल्या. बटण पेशंटच्या उशाशी, घंटी नर्सच्या टेबलावर. हे काम मी डोळे झाकून करतो, आणि तसंच केलं. मागची खोली रिकामी केली, पलंग खिडकीशी ओढला, तांब्याभांडं वेगळं काढलं. बुधवारी सकाळी उशाशी बटण बसवलं आणि दहा मीटर वायर फिरवून स्वयंपाकघरात घंटी लावली. भिंतीवर क्लिपा अशा सरळ रेषेत, की बघणाऱ्याने बघत राहावं. मग पलंगावर आडवा होऊन बटण दाबलं. घंटी खणखणीत वाजली. काम फक्कड झालं म्हणून खुशीत पडून राहिलो आणि वाट बघू लागलो.

कोणाची, हे लक्षात यायला मिनिटभर लागलं.

हसू आलं, पण ते टिकलं नाही. पुन्हा बटण दाबलं. उगाच. बायको असती तर तिथूनच ओरडली असती, “आले, आले, घर पेटलंय का?” घंटी वाजून थांबली. नळ ठिबकत होता, त्याचा वॉशर बदलायचा राहिलाय. इतकं एकटं मला ती गेली त्या दिवशीही वाटलं नव्हतं. त्या दिवशी घरात माणसं होती.

रकान्यात लिहायला आता उरली भिंतीपलीकडची शिवणवाली बाई. आमच्यात बोलणं नाही. ती राहायला आली तेव्हा मी शेजारधर्म म्हणून दोनदा हाक मारली, तिने मान वळवली नाही. तिसऱ्यांदा हाक मारायला मी काय रिकामटेकडा? तीन वर्षं मी तिला शिष्ट म्हणत आलो आणि दिसली की तोंड फिरवत आलो. पण अडला हरी गाढवाचे पाय धरी. मास्क चढवला, कागद घेतला आणि तिच्या पायरीखाली उभा राहिलो. दार उघडंच होतं. ती मशीनवर मास्क शिवत होती. मी दोन्ही हात हलवले तेव्हा कुठे तिने वर पाहिलं.

मी घडाघडा सगळं सांगितलं.

“मास्क खाली घ्या,” ती म्हणाली. “तिथेच थांबा, पण ओठ दिसू द्या. मला ऐकू येत नाही. कारखान्यातल्या मशिनींनी कान खाल्ले माझे.”

गाढव कोण, ते ठरलं. मी मास्क खाली घेतला आणि सगळं पुन्हा सांगितलं, या वेळी सावकाश.

“लिहा की माझं नाव,” ती म्हणाली. “माझ्या कागदावर मी तुमचं सोमवारीच लिहिलंय. विचारणार होते, पण तुम्ही मला बघितलं की तोंड फिरवता.”

कामाचं बोलणं सोपं, म्हणून म्हणालो, “घंटीच्या जागी दिवा लावतो. लाल.”

“मशीनसमोर लावा. तिथून माझी नजर हलत नाही.”

गुरुवारी स्वयंपाकघरातली घंटी काढली, वायर झरोक्यातून पलीकडे नेली आणि तिच्या मशीनसमोर दिवा लावला. तिच्यासाठीही एक बटण बसवलं. त्याची वायर माझ्याकडे आणून तीच घंटी माझ्या खोलीत लावली. मग घरी येऊन पलंगावर पडलो आणि माझं बटण दाबलं.

काहीच आवाज नाही. घंटी असली तर कळतं, पण भिंतीपलीकडचा दिवा लागला की नाही, कसं कळणार? पुन्हा दाबलं. जोड सैल राहिला असेल, असा विचार करत उठणार, तोच सपातांचा फटफट आवाज आला आणि दार धाडकन उघडलं. खोलीच्या उंबऱ्याशी ती उभी होती. मास्क वाकडा, गळ्यात टेप, हातात पाण्याचा जग, आणि श्वास असा लागलेला की शब्द तुटत होते.

“काय होतंय? ताप आहे?”

आधी बटणाची चाचणी घेणार आहे, हे सांगायचं मी विसरलो होतो. इतकी वर्षं घंट्या बसवल्या, पण दाबून पाहणारा मी आणि ऐकणारा माझाच मदतनीस. ते सांगायला गेलो आणि भडभडून आलं. तोंडावर हात धरला.

“हात काढा हो,” ती म्हणाली. “काय म्हणताय, मला कळत नाहीये.”

मी हात काढला.

“तुम्ही आलात,” मी म्हणालो.