मासा होशील

मी एल गुआबालच्या सरकारी दवाखान्यातली सिस्टर. बावीस वर्षं झाली. ईस्टरआधीच्या पवित्र आठवड्याची सुट्टी लागली की काली शहरातल्या कॉलेजांची पोरं-पोरी गावात उतरतात, आणि सोमवारी सकाळी मी त्यांना शाळेच्या हॉलमध्ये बसवून तास घेते. उन्हात डोकं झाका. पाणी उकळून प्या. जुलाब लागले तर मीठ-साखरेचं पाणी घ्या, बिअर नव्हे. पिऊन नदीत उतरू नका, एकट्यानं उतरू नका. निरोध वापरायला आहे, पाकिटात मिरवायला नाही. पोरं दात काढतात. काढू देत मेले, पण ऐकतात.

त्या वर्षी माझी युली पहिल्या रांगेत बसली होती. तिसऱ्या वर्षाला आहे ती. सोबत चार मित्र-मैत्रिणी आणलेले. त्यातला एस्तेबान बोगोताचा, बांबूसारखा उंच आणि पोहण्यात भोपळा. त्यानंच हात वर केला.

"सिस्टर, गुड फ्रायडेला नदीत उतरलं की माणसाचा मासा होतो म्हणे?"

हॉल हसला. मीही हसले. म्हणाले, "अरे, म्हाताऱ्यांच्या भाकडकथा त्या! नदीला वार कळतो का? शुद्धीत असाल, दिवसाढवळ्या असाल, चौघं सोबत असाल, तर शुक्रवार काय नि सोमवार काय, नदी तीच."

हे मी बोलले. मी, सिस्टर नीदिया. हे वाक्य माझ्या कबरीपर्यंत माझ्याबरोबर येणार आहे.

माशाचं वेड आमच्या घरातच जास्त. मटण वर्ज्य म्हणून सबंध गाव त्या आठवड्यात मासे खातं, आमच्या चुलीवर मात्र मासा चढत नाही. माझ्या वडिलांचा थोरला भाऊ फानोर लहानपणी गुड फ्रायडेला डोहात उतरला आणि मासा झाला, असं आजी सांगायची. कुणास ठाऊक, ताटात तोच यायचा! मला वाटायचं, पोर तापानं गेलं असेल आणि बाईनं मनाचं समाधान करून घेतलं असेल. मोठी झाल्यावर तो विचारही सोडून दिला.

शुक्रवारी सकाळी आबा, म्हणजे माझे वडील आर्सेसिओ, नातीला म्हणाले, "आज पाण्याकडे फिरकायचं नाही. मासा होशील."

"मग तळून खा मला, आजोबा. लिंबू पिळून," युली म्हणाली आणि टॉवेल पाठीमागे लपवून पसार झाली. मी पाहिलं होतं तो टॉवेल. पाहून गप्प बसले. मीच तर परवानगी दिली होती ना!

आता आबांचं काम सांगते. डोहाच्या वर दोन किलोमीटरवर साखर कारखान्याचा कालवा नदीतून फुटतो. अर्ध्याहून जास्त नदी तो कालवाच पितो, म्हणून आमचा डोह वर्षभर कमरेएवढा. कालव्याच्या तोंडाशी लोखंडी दरवाजा आहे, आणि त्याचं चाक फिरवायचं काम आमच्या घरात आजोबांपासून आहे. गुड फ्रायडेला बाराच्या आधी आबा वर जाऊन येतात, हे मला ठाऊक होतं. का जातात हे मी कधी विचारलं नाही. आणि त्या दिवशी नदीवर चिटपाखरू नसतं, मग तिथं काय होतं ते बघणार कोण?

साडेबाराला आम्ही सगळे चर्चमध्ये होतो. फादर येशूच्या क्रुसावरच्या शेवटच्या शब्दांवर बोलत होते. तेवढ्यात युलीची मैत्रीण दानेसी अनवाणी, ओल्या कपड्यांत, धापा टाकत मधल्या वाटेनं आत आली.

"सिस्टर! पाणी चढलंय! मी काठावर होते म्हणून... बाकीचे मधल्या खडकावर अडकलेत. एस्तेबानला पोहता येत नाही, युली त्याला सोडून येत नाही!"

"पाणी कुठून चढेल गं? आभाळात ढगाचा ठिपका नाही!"

माझ्या शेजारी आबा उठून उभे राहिले. तोंड राखेसारखं झालेलं. "दार," ते म्हणाले. "बाराला कारखाना बंद होतो. मी त्याआधीच कालव्याचं दार लावून आलो. सगळी नदी आता खाली येतेय."

ऐकलंत? दर वर्षी. दर गुड फ्रायडेला. आणि घरातल्या कुणालाही पत्ता नाही!

"मग उघडा ना! बसलात काय?"

"नीदिया, बारा ते तीन लोखंडाला हात लावत नाहीत. देवाच्या अंगात खिळे आहेत या वेळी."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. फादर समोर, सगळा गाव मागे, आणि मी ओरडले, "देवाच्या अंगातले खिळे दोन हजार वर्षांपूर्वीचे आहेत, आबा! तुमची नात आत्ता बुडतेय! चला, नाहीतर फरफटत नेईन!"

पुरुष दोर घेऊन डोहाकडे धावले. मी आबांना मोटारसायकलवर मागे बसवलं आणि वर सुटले. दोन किलोमीटर मी त्यांना शिव्या घातल्या. जन्मदात्याला. ते माझ्या पाठीला टेकून बसले होते.

चाक मोटारीच्या टायरएवढं. मी लटकले त्याला, पाय रोवले, तळहात सोलले, चाक हलेना. आबा दोन हात लांब उभे. ओठ हलत होते. मला वाटलं जप करताहेत, पण ते नाव घेत होते. "फानोर, फानोर."

"आबा, हात लावा!"

लावला. त्यांना चाकाची खोड माहीत होती, आधी थोडं उलटं घेतलं, मग सुलटं. दरवाजा कुरकुरत उचलला गेला आणि पाणी कालव्यात धडाडत शिरलं. तिथून डोहापर्यंत पाणी उतरायला वेळ लागणार होता. तेवढा वेळ माझी पोरगी त्या दांडग्याला खांद्याशी धरून उभी होती, आणि पाणी तिच्या गळ्याशी आलेलं होतं. बाकीचे दोघं दोर धरून आधीच काठाला लागले होते. ती नाही आली.

आम्ही पोचलो तेव्हा पाणी छातीवर उतरलं होतं. गावानं दोघांना ओढून काढलं. एस्तेबाननं पोटभर नदी ओकली. मी त्याची नाडी बघितली, छाती ऐकली, घोंगडीत गुंडाळलं. मग युलीच्या थोबाडीत दिली, आणि मग तिला एवढं घट्ट धरलं की ती म्हणाली, "आई, श्वास घेऊ दे गं."

संध्याकाळी घरी आबा खुर्चीत बसून म्हणाले, "मी सांगितलं होतं ना, मासा होशील म्हणून."

झालं! माझा उरलासुरला ताबा सुटला. "काय सांगितलंत? मासा? विद्यापीठात शिकणाऱ्या पोरीला मासा? बाराला दार लागतं, साडेबाराला डोह भरतो, एवढं सांगायला तुमच्या जिभेला काय लकवा भरला होता? ही एक ओळ मला ठाऊक असती तर सोमवारी मी फळ्यावर लिहिली असती! तुमच्या माशापायी मी स्वतःच्या लेकराला नदीत धाडलं!"

"बाप सांगू देत नव्हता," ते म्हणाले.

"कुणाचा बाप?"

"माझा. त्या वर्षी कारखान्यानं पहिल्यांदा सुट्टी दिली. माझ्या बापानं बाराला दार लावलं. फानोर खाली डोहात होता. बापाला माहीत नव्हतं. आईला कळलं असतं तर ती बापाबरोबर एक दिवस राहिली नसती. म्हणून बाप म्हणाला, मासा झाला. मला म्हणाला, तूही तेच म्हण. मी सात वर्षांचा होतो. म्हणालो."

युली उठून त्यांच्या पायाशी जाऊन बसली. मी नाही उठले. कीव आली मला, नाही म्हणत नाही, पण राग त्याहून मोठा होता. एका माणसाची अब्रू झाकायला सगळ्या गावाला सत्तर वर्षं खोटी भीती घातली. आणि खोटी भीती शिकलेल्या पोरांवर चालत नाही. ती हसतात आणि उतरतात.

"पुढच्या वर्षी सोमवारी तुम्ही बोलायचं," मी म्हणाले. "माझ्या तासाला. सगळ्यांसमोर."

"मेलो तरी नाही."

"मग आधी बोला, नंतर खुशाल मरा."

वर्षभर आमच्यात धड बोलणं नव्हतं. मी जेवण वाढायचे, ते जेवायचे.

पुढच्या वर्षी हॉल भरला. उन्हाचं झालं, जुलाबाचं झालं, निरोधाचं झालं, हसणं झालं. एस्तेबानही आला होता, आता पोहायला शिकलेला. मागच्या दारातून आबा आले. इस्त्रीचा सदरा, हातात टोपी. मी पुन्हा विचारलं नव्हतं. पुढे येऊन उभे राहिले, आणि कुणी तरी मागून ओरडलं, "आजोबा, मासा होतो का हो?" सगळे हसले.

आबांनी हसणं संपू दिलं.

"शुक्रवारी बाराला मी कालव्याचं दार लावतो," ते म्हणाले. "अर्ध्या तासात डोहात दोन पुरुष पाणी होतं. माझा भाऊ फानोर नऊ वर्षांचा होता. तो मासा नाही झाला. तो बुडाला, आणि दार आमच्या बापानं लावलं होतं."